टोपलं कुणाच्या डोक्यावर

—न्हाई न्हाई, मिशीला माझी तकरार न्हाई पेंटरभाऊ, मिशी लय बेस जमली, शिडी तेवढी नालीत सरकू देऊ नका. पण आमच्या मालकाच्या हातात सोयाबीनचं झाड दिलंय ना तुमी, ते उलटं धरल्यावानी दिसायलंय— तसं बरोबरच हाय म्हणा, खऱ्यातबी तसंच धरतेत. आन् मागं ही बाई कोण? गोरीपान, पदर कपाळापर्यंत, डोक्यावर भाकरीचं टोपलं— ही चतुराबाई व्हय? मी? कंपनीच्या कागदावर अशीच हाय म्हणताव? आसंल. बियाण्याच्या जाहिरातीत बाईच्या डोक्यावर टोपलंच असतंय. फवारणीचा पंप माझ्या पाठीवर, मोटर मी चालू करते, सोयाबीनच्या खोडात चक्रीभुंगा कुठं बसलाय ते मला कळतंय— आन् आमच्याच घराच्या भिंतीवर मी भाकरी घेऊन चालले. शिवारात राहून इतकी गोरी कशी राहिली हो ही? पावडर लावून खुरपती काय?

मंग भाकरी कोण करतंय? कोण म्हणजे— होतेत की घरात, भाकरीचं काय एवढं. दार का लावलंय म्हणताव? ते वाऱ्यानं लागलंय. वारा न्हाई म्हणताव? बरं.

आता ह्यांचंच चित्र कंपनीनं का निवडलं, ते सांगते. गेल्या साली ताडकळसला कंपनीचा मेळावा झाला. सोयाबीन आमचं लय उतरलं व्हतं, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचं, बन्सीधरचं, म्हणून फेटाबी बन्सीधरला. स्टेजवर साहेबानं विचारलं, पेरणीला ओल कशी पाहिजे? आमचे मालक माईक बघूनच गडबडले— मंग जे रोजचं तोंडात बसलंय तेच बोलून गेले. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, थापला तर कडा चिरू न्हाई, आन् पाणी कडकच घ्यावं. साहेबानं टाळ्या वाजवल्या, आख्ख्या मंडपानं वाजवल्या. कडक पाणी म्हणजे काय, ह्याच्यावर पारावरची माणसं अजून डोकं खाजवायलेत. मी खाली बायांत पदर तोंडात कोंबून बसलेली. माणूस ज्वारीचं पीठ मळायचं सांगत व्हता, भाऊ.

झालं. निघालं तोंडातून. आता ऐकलंच हाय तर ऐका, पण पेडगावात कुणाजवळ बोलू नका. ह्यांना शेतात नेलं की काय करावं सुधरत न्हाई, आन् काटवटीत पीठ मळायला बसले की भाकर हातावर अशी गरगर फिरती, तव्यावर टम्म फुगती. लग्न करून आले तवा मी रोज करपवायचे. एक दिवस तेच म्हणले, सरक बाजूला. मी सरकले आन् पंप उचलला, दोघांचंबी बरं झालं. मंग दार कशाला लावायचं म्हणताव? आवो, लोक हसतील ना, बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणतील. ह्यांच्या इज्जतीसाठी लावते मी. व्हय, मीच लावते— ते कधीच म्हणले न्हाईत लाव म्हणून. उलट धुरानं बेजार होतेत आत, म्हणतेत उघड की गं, आन् मी म्हणते थांबा, समोरची एसटी जाऊ द्या. आता ह्यांच्या इज्जतीसाठी का माझ्या, देवाला माहीत. चतुराबाईला भाकर येत न्हाई म्हणून कुणी नाव ठेवू नये— तेबी हाय त्यात, खोटं कशाला बोलू.

म्हणून म्हणते, टोपलं राहू द्या तिच्याच डोक्यावर. बाईला तेवढं माझ्यावानी सावळं करा, बस झालं.

—आले बगा मालक. आवं, हात तर पुसा, कोपरापर्यंत पीठ हाय, समोर एसटीतून माणसं उतरायलीत— काय म्हणताव? चित्र उलटं झालंय? टोपलं तुमच्याकडं पाहिजे आन् पंप माझ्या पाठीवर? आवं, तुमचं तोंड हाय ते भिंतीवर, गाव येताजाता बगणार, हसणार— हसू द्या म्हणताव?

राहू द्या मंग, हात पुसू नका.

ऐकलं न्हवं पेंटरभाऊ? मालकाची भिंत हाय, मालक म्हणतेत तसं काढा. कंपनीचा साहेब आला तर मी बोलते त्याच्याशी. पण आधी उतरा खाली, हात धुवा, गरम भाकर हाय तवर खाऊन घ्या. जावा आत. आन् दार लोटू नका मागं, राहू द्या उघडं.