नको म्हणायची रीत

मालन: आधी टोपी काढा, टेका जरा, मग सांगा. पण घुमवून नका सांगू, काका. बोटीचा एजंट काय म्हणाला?

फर्डिनंड: बसतो, बाई. फोर्टातनं भर उन्हात आलोय, पायांचे तुकडे पडलेत. आणि तू माझ्या आधीच ओट्यावर येऊन बसलीस. नवरा कुठाय तुझा?

मालन: विहिरीवर. मोटर बंद करून नुसते पाण्याकडे बघत बसलेत. टँकरवाल्यांनी गावभर पंप लावले नि आमची विहीर खारट झाली. तोंडात धरवत नाही पाणी. पानवेल गेली, केळीची पानं कडेनं करपलीत. म्हणून तर तुम्हाला पाठवलं. ह्यांना पुन्हा बोटीची नोकरी मिळाली तर वाडी विकणार नाही, असं कबूल केलंय बाबांनी माझ्याकडे. नाही मिळाली तर आज बिल्डरचा माणूस येतोय सही घ्यायला.

फर्डिनंड: आजच? तुझा सासरा काल तळ्याकडे भेटला, पण काही बोलला नाही.

मालन: ते कुणाशीच बोलत नाहीत हल्ली. सांगा ना, काका.

फर्डिनंड: नाही म्हणाला.

मालन: ह्या खेपेला नाही, की...

फर्डिनंड: कुठल्याच खेपेला नाही. मी सगळा जन्म बोटीवर स्टुअर्ड म्हणून काढला. हा एजंट त्याच ऑफिसात पोऱ्या होता, तेव्हापासून ओळखतो त्याला. चहा पाजला, तुझ्या ग्रेसीकाकीच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि म्हणाला, फर्डिनंड, दुसरा कुणीही आण, उद्या चढवतो. दिवाकर नको.

मालन: का पण? ह्यांनी काय चोरी केली तिथं? मला तर म्हणाले, बोट दुरुस्तीला लागलीय, सुटली की बोलावतील.

फर्डिनंड: असं सांगितलं होय तुला. मग मी तरी कशाला तोंड उघडू?

मालन: उघडा. वाडी जायचीच असली तर कशापायी गेली ते मला कळू दे.

फर्डिनंड: पाकिटापायी.

मालन: कसलं पाकीट?

फर्डिनंड: ऐक. ह्या सहलीच्या बोटी. लोकांना कुठं पोचायचं नसतं, खायचं, प्यायचं, नाचायचं नि आले तिथं परत जायचं. टेबलावर तीच माणसं शेवटपर्यंत, आणि त्यांना वाढणारा स्टुअर्डही तोच. पगार म्हणशील तर नावाला. शेवटच्या रात्री जेवण आटपलं की प्रत्येक जण स्टुअर्डच्या हातात पाकीट देतो. टीप. आमची घरं त्याच्यावरच उभी राहिली. हे तू बसलीयस ते धरून.

मालन: वाढलं म्हणून पैसे? आपल्याकडे जेवून कुणी पानाखाली नोट ठेवली तर सासूबाई आठवडाभर रडतील.

फर्डिनंड: तिथं ती भीक नाही नि उपकारही नाही, रीत आहे. घ्यायचीही रीत असते. पाकीट चाचपायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. एकदा थँक्यू म्हणायचं, आतल्या खिशात सारायचं नि एक पाऊल मागं. ह्याच ओट्यावर घोटून घेतलं होतं मी त्याच्याकडनं.

मालन: मग विसरले का हे?

फर्डिनंड: विसरतोय कसला. टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं. म्हाताऱ्याचे हात कापायचे, तर दिवाकर रोज त्याचं मटण बारीक कापून द्यायचा, सांडलं तर कुणाला दिसायच्या आत पुसायचा. आईबापाचं करावं तसं केलं त्यानं. शेवटच्या रात्री सगळ्यांत आधी ती बाईच उठली, पाकीट पुढं केलं. आणि हा म्हणतो, नो नो, मॅडम, प्लीज.

मालन: थांबा. म्हणजे ह्यांनी नको नको केलं.

फर्डिनंड: नको नकोच केलं.

मालन: मग त्यात काय? ते तर करायचंच असतं. आमच्या लग्नात ह्यांचे मामा हातावर पैसे ठेवायला लागले, तर हे नको नको करत मांडवाच्या बाहेर पळाले. मामांनी बखोट धरून खिशात कोंबले. पहिल्याच झटक्याला घेतलं तर माणूस अधाशी दिसतो.

फर्डिनंड: तिकडे कुणी मागं लागत नाही गं. नो म्हणजे नो. बाईनं हात मागं घेतला. तिचं तोंड उतरलेलं बघून बाकीच्यांनीही पाकिटं परत खिशात घातली. त्यांना वाटलं, हा पैसे घेणारा नाही, उगाच त्याचा अपमान कशाला.

मालन: आणि हे?

फर्डिनंड: हा आपला हसत उभा. ती दुसऱ्यांदा कधी देते त्याची वाट बघत. ॲन्सेल्म त्याच टेबलाला जोडीदार होता, त्यानं सांगितलं मला. सगळे उठून गेले तरी हा रिकाम्या खुर्च्यांपाशी हसत उभाच होता म्हणे.

मालन: अरे देवा.

फर्डिनंड: ते पैसे एकट्याचे नसतात, मालन. ॲन्सेल्मचा वाटा, हेडस्टुअर्डचा वाटा. दोघांनी दिवाकरला काय काय म्हटलं ते तुला सांगत नाही. पण तेही निभावलं असतं. ती बाई रात्रभर झोपली नाही. सकाळी वरच्या साहेबाकडे जाऊन रडली. आम्ही त्या मुलाला काय दुखावलं, आमचे पैसे त्याला का चालले नाहीत. साहेबानं दिवाकरला बोलावलं.

मालन: तेव्हा तरी सांगायचं खरं काय ते.

फर्डिनंड: सांगितलं ना. म्हणाला, साहेब, मी नो म्हटलं, पण ते नो नव्हतं. आता हे त्या गोऱ्याच्या डोक्यात कसं शिरणार? तो म्हणाला, पॅसेंजरला रडवणारा माणूस मला बोटीवर नको. आणि हेडस्टुअर्ड काय ह्याची बाजू घेणार? त्याचाच वाटा बुडालेला.

मालन: मला राग येतोय, काका. पण कुणाचा ते कळत नाही. ह्यांनी वाईट काय केलं? घरचं वळणच दाखवलं ना?

फर्डिनंड: तेच वळण मी आज एजंटला समजावत बसलो. तो हसला. कुत्सितपणे नाही, त्याला खरंच हसू आवरेना. मग म्हणाला, खाली जिन्यापर्यंत पोरं उभी आहेत बोट मिळावी म्हणून, त्यांतलं एकही नो म्हणणार नाही.

मालन: दुसरी कंपनी?

फर्डिनंड: आधी मागच्या बोटीला विचारतात. मी दोन ठिकाणी जाऊन आलो आजच. तुला खोटी आशा लावून परत पाठवली असती, तर मला रात्री झोप लागली नसती.

मालन: मनवेलपाड्याला इमारतीत दोन खोल्या देतो म्हणतो तो बिल्डरचा माणूस. वरच्या मजल्यावर. बाबा विचारत होते, तिथं अळू लावायला तरी जागा असेल का.

फर्डिनंड: काय सांगितलंस?

मालन: असेल म्हटलं.

(दिवाकर फाटकाशी येऊन उभा राहतो.)

दिवाकर: मालन, घरी बोलावलंय तुला. तो माणूस आलाय. काका, तुम्ही कधी आलात?

फर्डिनंड: आत्ताच. ये, बस जरा.

दिवाकर: राहू दे. तुमच्या तोंडावरनंच कळलं मला. हिला सांगितलंत सगळं?

मालन: सांगितलं. मला का नाही बोललात तुम्ही?

दिवाकर: काय बोलणार? त्या बाईनं आणखी एकदा म्हटलं असतं तर घेतलं असतं मी. एकदाच म्हणायला हवं होतं तिनं. अजून झोपेत ती मला पाकीट देते, नि मी पटकन घेतो.

मालन: बाबांनी सही केली?

दिवाकर: अजून नाही. पेन धरून बसलेत. वाडी उद्या दिवाकरची, म्हणाले, त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय करणार नाही.

मालन: मग चला. तुम्हीच काय ते बोला त्यांच्याशी.

दिवाकर: मला नाही जमायचं त्यांच्यासमोर. तू हो पुढं. सांग, माझी ना नाही.