एकोणिसावा प्रश्न

अराबा : पण मामा, तो हसला कशाला? इतकंच मला सांगा.

कोबिना : कोण?

अराबा : हा पेनरोज. हॉलचा मॅनेजर. बसा म्हणाला, चहा दिला आणि वर हसला. तीन वर्षं या हॉलसाठी अर्ज करतेय मी. कधी तारीख नाही, कधी दुरुस्ती चाललीय, एकदा तर म्हणे तुमचं आफ्रिकन संगीत आमच्या भिंतींना सोसणार नाही. आता कुठे हॉल मिळाला, तर कार्यक्रम चार दिवसांवर आल्यावर बोलावून घेतो आणि हसतो. पाणी कुठंतरी मुरतंय.

कोबिना : दात चांगले असतील त्याचे.

अराबा : मस्करी नको. परवा मेन्सिमा मावशी घानाहून विमानात बसतेय. सत्तरीची बाई, लंडनला गायचं म्हणून नवे कपडे शिवून घेतलेत तिनं. चारशे तिकिटं गेलीत. तो आला की तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही. मी बोलेन.

कोबिना : बरं बाई. मी नुसता गिटार वाजवणारा म्हातारा.

(पेनरोज फाईल घेऊन येतो.)

पेनरोज : थांबावं लागलं, माफ करा. मिस क्वान्सा, शनिवारबद्दल वरच्या ऑफिसकडून काही अटी आल्या आहेत. दहा जादा रक्षक. प्रत्येकाची झडती. दाराशी धातू शोधणारी कमान. आणि सर्वांनी खुर्चीवर बसून ऐकायचं.

अराबा : हायलाइफ? आमचं नाचायचं संगीत, आणि बसून?

पेनरोज : सुरक्षिततेच्या दृष्टीने.

अराबा : माझे प्रेक्षक कोण असतात माहितेय तुम्हाला? नर्स, बस चालवणारे आणि चर्चमधल्या मावश्या. अर्ध्या मावश्यांचे गुडघे बदललेत. तुमची कमान संध्याकाळभर बोंबलत बसेल.

पेनरोज : नियम मी केलेले नाहीत.

अराबा : गेल्या महिन्यात त्या रॉकवाल्यांनी इथली खिडकी फोडली. तुमच्याच बारवाल्यानं सांगितलं मला. त्यांच्या पुढच्या कार्यक्रमाला किती रक्षक?

पेनरोज : त्यांच्या अर्जात पूर्वीच्या कुठल्या प्रकाराची नोंद नाही.

अराबा : आणि आमच्या?

पेनरोज : आहे. हाणामारीची.

अराबा : कुठली हाणामारी? नऊ वर्षं कार्यक्रम करतेय, एक ग्लास फुटलेला नाही. कोणी कान भरले तुमचे? तो टॉटनहॅमचा कार्यक्रमवाला फिफी ना? हा हॉल मला मिळाला तेव्हापासून त्याच्या पोटात दुखतंय.

पेनरोज : बाहेरचं कोणी नाही.

अराबा : मग आमच्या बँडमधलं? नाव सांगा.

पेनरोज : बाई, हे तुमच्याच अर्जात आहे. एकोणिसावा प्रश्न. 'आपल्या पूर्वीच्या एखाद्या कार्यक्रमात काही हिंसक प्रकार घडला होता का?' उत्तर : हो.

अराबा : बघू. हे माझं अक्षर नाही.

कोबिना : माझं आहे.

अराबा : मामा!

कोबिना : कलाकारांचं पान भरून ठेवा म्हणालीस आणि ड्युटीवर गेलीस. मी भरलं.

अराबा : अहो, नाव-पत्ता भरा म्हणाले मी! बाकी सगळीकडे 'नाही' लिहायचं असतं. एवढंही कळू नये?

कोबिना : पण घडलं होतं ना.

पेनरोज : तेच मी म्हणतोय.

कोबिना : खालच्या ओळी वाचल्यात का साहेब?

पेनरोज : वरच्या ऑफिसनं 'हो'वर लाल खूण केली. पुढचं अक्षर जरा बारीक आहे.

कोबिना : मग ऐका. एकोणीसशे चौऱ्याऐंशी. नदीपलीकडचा नाचाचा हॉल, आता तिथं फर्निचरचं दुकान झालंय. आम्ही वाजवत होतो, लोक नाचत होते. पोलीस शिरले. कोणी बोलावलं, देव जाणे. बंद करा म्हणाले. आमच्या ड्रमवाल्याला, एबोला, ऐकूच गेलं नाही. डोळे मिटून वाजवायचा तो. एकानं त्याच्या मनगटावर दंडुका घातला. मग पुन्हा एकदा. पुढे त्यानं जन्मभर पोस्टात पत्रं वाटली. हीच ती हाणामारी.

पेनरोज : म्हणजे मार तुम्ही खाल्लात.

कोबिना : एबोनं खाल्ला. मी गिटार घेऊन टेबलाखाली शिरलो. तेही लिहिलंय.

पेनरोज : हे बघा, एक मार्ग आहे. मी कोरं पान देतो. 'नाही' लिहून सही करा. आजच पाठवतो, अटी उठतील.

अराबा : इतकं सोपं? यात तुमचा काय फायदा?

पेनरोज : शनिवारी हॉल रिकामा नसावा, इतकाच.

अराबा : की नंतर म्हणाल अर्जात खोटं लिहिलंत, कार्यक्रम रद्द?

पेनरोज : तसं असतं तर आत्ताच केलं नसतं का?

अराबा : मामा, करा सही.

कोबिना : नको.

अराबा : मामा, चारशे माणसं! मेन्सिमा मावशीला काय, परत त्या टायरच्या दुकानामागच्या चर्चच्या खोलीत गायला लावू?

कोबिना : शनिवारी एबोची मुलगी पहिल्या रांगेत बसणार आहे. आज 'नाही' लिहू आणि तिच्यासमोर उभा राहून वाजवू?

पेनरोज : मग अटी राहतील.

कोबिना : राहू देत. झडतीची सवय आहे आम्हाला. लवकर या म्हणून सांगू सगळ्यांना.

अराबा : आणि खुर्च्या?

पेनरोज : खुर्च्या... अटीत 'खुर्च्या मांडाव्यात' असं आहे. कोणी उठून उभं राहिलं तर काय करायचं, ते लिहिलेलं नाही.

अराबा : हे लेखी द्या.

पेनरोज : बाई, मी आत्ता सांगतोय ना...

अराबा : तोंडी पुष्कळ ऐकलंय. लेखी.

पेनरोज : बरं. टाइप करून आणतो. बसा.

अराबा : गेला. माझा नाही विश्वास. कागद हातात पडेपर्यंत इथून हलायचं नाही.

कोबिना : नाही हलत.

अराबा : एबोकाका दर रविवारी घरी यायचे. तो हात मांडीवर ठेवून बसायचे. मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात जिन्यावरून पडला.

कोबिना : त्यानंच तसं सांगायला लावलं होतं. पोरांना कशाला, म्हणायचा.

अराबा : मी आता पोर आहे का? मला नाही सांगितलंत, आणि यांच्या कागदावर लिहून दिलंत?

कोबिना : काय करू पोरी. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं, काही घडलं होतं का म्हणून.