फोटोतलं पाणी

—नाही हो, ती दुर्बीण राहू द्या, तिच्यातून काय दिसणार, चिखल दिसेल, तोही वाळलेला. खिडकीतून बघितलंत ना तळं, झालं मग. बसा, उभ्यानं काय बोलता. संस्थेनं तुम्हाला एवढ्या लांबून धाडलं, ते काय विज्ञानाच्या बाईंची ख्यालीखुशाली विचारायला नाही, तेवढं कळतं मला.

फोटो मीच पाठवला. मुलांना मध्ये आणू नका, त्यांना काही माहीत नाही. मागच्या हिवाळ्यातला आहे तो — पायात निळं कडं घातलेला करकोचा, आणि मागं तुडुंब पाणी. यंदा तळ्यात पाणीच नाही, हे माझ्या ध्यानात येऊ नये? जन्मभर पोरांच्या कानीकपाळी ओरडले, अरे नुसता पक्षी बघू नका, आजूबाजूचं बघा — आणि स्वतःच शेण खाल्लं.

पण मला एक सांगा, हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला? तिकडच्या देशातून निघालेले करकोचे इथं उतरले तरच पडद्यावर दोन शाळांची भेट, नाही उतरले तर नाही. जोडायचंय कुणाला? पोरांना ना? मग पोरं आहेतच की, इकडंही आणि तिकडंही. पाखरांनी तोंड फिरवलं म्हणून पोरांनीही फिरवायचं? बांधकामवाल्यांनी पंप लावून तळं उपसलं, तेव्हा मी तुमच्या संस्थेला किती विनवलं — आलं कुणी? कुणी नाही आलं. फोटो खोटा निघाल्यावर मात्र लगेच गाडी करून हजर. पोरांविषयीच्या तळमळीपोटी केलं असं लिहा हवं तर. खरंच आहे ते. अर्धं.

म्हणजे काय म्हणजे? — एवढ्या शाळा सोडून तिकडची तीच शाळा मी का मागून घेतली, हे इतक्या दिवसांत कुणी विचारलं नाही मला. माझा मुलगा असतो त्या गावात. बोलत नाही माझ्याशी. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले आणि हा येईना, तेव्हा मी त्याला फोनवर नको नको ते बोलले — आणि त्यातला एक शब्द मी आजही मागं घेणार नाही. बोलले ते बोलले. त्याची मुलगी आहे त्या वर्गात. सूनबाईनं चोरून कळवलं होतं. दुसऱ्या रांगेत बसते. पुढचा दात पडलाय. हात वर करते ना, तेव्हा दुसऱ्या हातानं कोपराला टेकू देते — हे अगदी आमच्या ह्यांचं, शिकवून येत नाही ते. मागं तिनं विचारलं, करकोचे उडता उडता झोपतात का? मी सांगितलं, त्यांच्या भाषेत, तोडकंमोडकं, तर माझ्या उच्चारांना हसली. सगळा वर्गच हसला, पण मी तिचंच ऐकत होते. मी तिची कोण ते तिला माहीत नाही, नाव ठाऊक आहे तेवढं. पक्ष्यांची बाई, बस. सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी त्यानं तिला त्या तासाला बसू दिलं नसतं, ओळखते मी माझ्या पोटच्या गोळ्याला. आणि हे बघा, पाखरं परत येतात पण मुलं येत नाहीत, असलं वाक्य माझ्या नावावर खपवू नका. वीट आलाय मला त्याचा.

काय? आजच? — म्हणजे ती पोरं तिकडं येऊन बसलीत आत्ता? आणि शेवटची भेट म्हणून मीच सांगायचं त्यांना, की फोटो खोटा होता? का, तुम्ही सांगा की... नाही, थांबा. तुम्ही नकोच. तुम्ही गोड बोलून गैरसमज झाला वगैरे म्हणाल, आणि लहान मुलांना ते बरोबर कळतं. मीच सांगते. आज रात्री जेवताना ती बापाला सांगेल, पक्ष्यांच्या बाई खोटं बोलल्या. तो विचारेल, कोण बाई? ती नाव सांगेल माझं. इतक्या वर्षांनी त्या घरात माझं नाव निघेल, ते असं. आणि तो म्हणेल, वाटलंच होतं.

लावा तो पडदा. खुर्ची मागं घ्या, तुम्ही दिसताय त्यात. नाही — तुम्ही बाहेरच थांबा. आहे, दुसऱ्या रांगेत, आलीये. दार लावून घ्या.