राखी बांधून मिटवलेली तक्रार

लिहा ताई, पयलं माझं नाव लिहा, शेवंता, बाकी कुनाचं खरं नाव मी सांगनार न्हाई, कॉलेजचं बी न्हाई आन् त्या पोरीचं तर न्हाईच, कारन प्रकरन कोर्टात हाय आन् पोरीला अजून तिथंच शिकायचंय. माझं माहेर चकलांब्याकडलं, आमी मेंढरंवाली मानसं. पावसाळा सरला की बाप मेंढरं घिऊन गंगथडीला, गोदेच्या काठाला निघायचा, माय घोड्यावर बिऱ्हाड टाकायची आन् मी मागून हाळ्या देत चालायची. आवाज त्याच्यातच कमावला म्हना. कुनाच्या उभ्या पिकात मेंढरू शिरलं तर मी जाग्यावरून हाळी दिऊन माघारी वळवायची. शाळा चौथीपोत्तर, ती बी जिथं मुक्काम पडंल तिथली, म्हनून मला वाचता येतं पन सावकाश येतं.

लगीन करून मी वडवणीकडं आले. मालकाची बी मेंढरंच, पन घर एका जागी, मंग मी कॉलेजात झाडायला लागले. लई वर्सं झाडलं. मंग वरून हुकूम आला म्हनं, की पोरी शिकतात त्या कॉलेजच्या गेटावर एक तरी बाईमानूस राखनदार पायजे. प्रिन्सिपल सरांनी इचारलं, आपल्याकडं अशी कोन हाय जिचा आवाज रस्त्यापोत्तर जाईल, तर समद्यांनी माझ्याकडं बघितलं. राखनदार पुरवनाऱ्या ठेकेदारानं कपडे दिले, साडीवर खाकी शर्ट, वरून पट्टा, गळ्यात शिट्टी. मी तशी घरी गेले तर मालक हसून हसून खोकलायला लागले, म्हनले फौजदारीनबाई, जरा चहा टाकता का. मी म्हनले तुमीच टाका, मला ड्युटी हाय.

गेटावरचं काम लोकांना वाटतं नुसतं बसायचं हाय. तसं नसतंय ताई. कोन कॉलेजचं, कोन बाहेरचं, कोन गाडी बंद न करताच उभं हाय, कोन्ची पोरगी रोज घोळक्यात येती आन् आज एकटीच भिंतीच्या कडंकडंनं चालली, हे बघावं लागतं. पोरी मला मावशी म्हनतात. पोरं बी म्हनतात, पन पोरं म्हनतात तवा मी जरा जास्त बघते.

आता कॉलेजात तक्रार पेटी व्हती बरं का, लाल रंगाची, कुलपाची. पन लावली कुठं, तर प्रिन्सिपल सरांच्या दारापाशी, जिथं फी भरायची रांग लागती तिथं. कोन पोरगी समद्या रांगेसमोर तिच्यात चिठ्ठी टाकंल? त्यामुळं पेटी बारा म्हयने मोकळी, आन् सर मीटिंगीत सांगायचे, आपल्या कॉलेजात एक बी तक्रार न्हाई. समदे टाळ्या वाजवायचे. सर वाईट मानूस न्हाई, हे बी लिहा. पन तेंची एक रीत व्हती. पोरानं पोरीला तरास दिला आन् ते तेंच्यापोत्तर गेलंच, तर दोन्हीकडची मोठी मानसं बोलवायची, केबिनमधी बसवायची, आन् पोरीच्या हातनं पोराला राखी बांधून घ्यायची. झाले भाऊबहीन, मिटलं. पेढा वाटायचा, फोटू काढायचा. गावोगावी असंच मिटवतात आपल्याकडं, इज्जत बी झाकून राहती आन् पोलीस बी नगं, म्हनून कुनाला त्यात काय खोट दिसायची न्हाई.

आता ती पोरगी. सुनीता म्हना. दिंद्रुडकडून यष्टीनं यायची, बापाची शेती, घरात कॉलेजात पाय ठेवलेली पयलीच. आन् तो पोरगा तिच्याच कॉलेजचा, दोन वर्सं पुढं, संस्थेत बसनाऱ्या एका पुढाऱ्याचा पुतन्या. तेनं तिला गाडीतळावर अडवलं, मोबाईल हिसकावून घेतला आन् म्हनला नंबर दे मंग देतो. मी गेटावरून बघितलं आन् हाळी दिली, तसा गडी दचकला, मी जाऊन कॉलर धरली आन् तसाच सरांपुढं नेला.

दुसऱ्या दिवशी बैठक. पोराचा चुलता आला, पोरीचा बाप आला, बिचारा टोपी हातात घिऊन उभा. महिला तक्रार समितीच्या मॅडम, इतिहास शिकवतात त्या, हळूच म्हनल्या सर, आधी पोरीला एकटीला इचारू की तिला काय पायजे. सर म्हनले मॅडम, इचारायचं काय, मानसं आलीत, मिटवून टाकू. शिपायाला पाठवून राखी आनली. पोरीला गाठ येईना बघा. बापानंच तिचं बोट धरून गाठ मारून दिली, आन् मंग मोकळा श्वास सोडला तेनं, चुलत्याच्या पाया पडाया लागला. फोटू काढला. मला पेढा दिला तो मी पदरात बांधला, खायाची इच्छा झाली न्हाई.

आन् पुढचं ऐका. आधी हा पोरगा चोरून बघायचा, आता उघड बघाया लागला. यष्टीपाशी उभा राहून म्हनायचा, माझी बहीन हाय, बहिनीच्या पिशवीला हात लावला तर तुमच्या पोटात कावून दुखतंय बे. समद्या कॉलेजनं राखी बघितलेली, कोन बोलनार? भाऊबीजेला तर गडी गाडी घिऊन तिच्या गावी गेला. तिच्या मायला लुगडं, बापाला टॉवेल-टोपी. बापाला काय आनंद! पुढाऱ्याचं पोरगं आपल्या वसरीत बसलंय, गाव बघतंय, बापानं चहा केला, जेवायला वाढलं. सुनीताला म्हनला ववाळ भावाला. आन् ती पोरगी, ज्याला भिऊन जिनं वर्गात खिडकीपाशी बसायचं सोडलं व्हतं, तेला ताट घिऊन ववाळायला उभी राहिली. बापाला सांगायचं तरी काय तिनं? बाप लई दिसांनी हसला व्हता.

मला हे समदं तिनं मागून सांगितलं. तवा मला एवढंच दिसायचं की हा रोज गेटापाशी येतो, मावशी, बहिनीला न्यायला आलोय. मी म्हनायची, यष्टी हाय तिला. तो म्हनायचा, भाऊ असताना यष्टी कावून? मी म्हनायची, तिच्या तोंडून येऊ दे. ती खाली बघायची आन् माझ्याजवळ उभी राहायची, यष्टी येईपोत्तर. तेवढ्यावरून मला कळायचं.

परीक्षेच्या दिसात, भर दुपारी, पेपर सुटला आन् गेटाबाहेर गलका झाला. बघते तर तेनं तिचा हात पिरगाळलेला, गाडीवर बस म्हनतोय, आन् चार लोक बघत उभे, भाऊबहिनीचं भांडन हाय म्हनून. मी शिट्टी फुकली, तिला आत वढली आन् गेट लावून घेतलं. तो बाहेरून म्हनला मावशी, घरचं मॅटर हाय. मी म्हनले ज्या घरचं असंल त्या घरी जा. पोरीच्या हातात काचा रुतल्या व्हत्या बांगड्यांच्या. राग म्हंजी काय राग आला मला ताई.

केबिनमधी पुन्हा तेच. चुलता आला, सर म्हनले बसून मिटवू, पोलीस आले तर पुढल्या वर्सी पोरी कोन धाडनार कॉलेजात. पन या खेपेला मॅडम उठल्या. म्हनल्या सर, मागं मी गप बसले, आता न्हाई. पोरीनं मागितल्याबिगर समेट करायचा हक्क आपल्याला न्हाई, तसा कायदा हाय, आन् ही मारहान हाय, पोलिसात जायला आपन तिला मदत करायची असती. मंग तिच्याकडं वळून इचारलं, बाळा, तुला काय पायजे. ती म्हनली, पोलीस. एवढंच म्हनली.

बाप आला तवा आमी गेटापाशीच उभ्या. तेनं पोरीचा हात बघितला आन् पयलं काय म्हनला असंल? चल घरी, बास झालं कॉलेज. पोलिसात गेलो तर तुला कोन करून घेईल, मामाच्या गावी स्थळ हाय, उरकून टाकू. पोरीचं तोंड असं पडलं, मला वाटलं हिला कॉलेजातून न्हाई, जगातूनच काढतोय हा. मी म्हनले दादा, ऐका माझं. आमी मेंढरंवाली. लांडग्यानं माझ्या बापाचं कोकरू उचललं, तर बापानं मेंढरं घरी बांधून न्हाई ठिवली, तो काठी घिऊन चरायलाच घिऊन गेला. तुमी पोरगी घरी बांधताय आन् लांडगं मोकळं सोडताय. तो म्हनला, बाई, तुमचं काय जातंय बोलायला. मी म्हनले माझी नोकरी जाती दादा, ठेकेदाराचा फोन येऊन गेला, साक्ष दिली तर उद्यापासून येऊ नको म्हनला. तरी मी चालले, तुमी येता का सांगा. बाप वळला आन् आमी बोलावलेल्या रिक्षात पुढं जाऊन बसला.

ठाण्यात बाई हवालदार व्हत्या, चांगल्या. आमी बसतोय न् बसतोय तर चुलता आन् सर पाठोपाठ आले. चुलत्यानं मोबाईल काढला, हवालदारबाईंना म्हनला बाईसाहेब, गैरसमज झालाय, ही भाऊबहीन हायेत, बघा हा फोटू, आमच्या कॉलेजातच राखी बांधलीय. अगदी ऐटीत दाखवला. हवालदारबाईंनी फोटू बघितला, मोठा करून बघितला. फोटूत मागं भिंतीवर कॅलेंडर दिसत व्हतं. मंग त्या सरांना म्हनल्या, सर, श्रावन न्हाई, पुनव न्हाई, ही राखी कशाची?

काय सांगू तुमाला, सरांना घाम फुटला. खोटं बोलायची सवय न्हाई त्या मानसाला. अडखळत म्हनले, ते, तेनं आधी मोबाईल हिसकावला व्हता, म्हनून मिटवलं व्हतं. म्हंजी आधी बी तक्रार व्हती, बाई म्हनल्या, आन् तुमी ती राखीत बांधली. लिहायला घेतलं तेंनी. चुलता फोटू झाकाया लागला, पन बाई म्हनल्या, ऱ्हाऊ द्या, लागंल तो.

मंग बाप बोलला. तवापोत्तर भिंतीला टेकून उभा व्हता. म्हनला बाईसाहेब, गाठ मी मारलीय ती. पोरीला येत नव्हती, मी मारली. आन् मपल्या घरात मी तेला चहा पाजला, माझ्या पोरीला तेला ववाळायला लावलं. माझं बी लिहा. तो रडला न्हाई, पन सुनीता रडली, तिथंच, बापाच्या खांद्याला डोकं लावून, आन् मंग सरळ बसून जबाब दिला, एक शब्द इकडचा तिकडं न्हाई.

नोकरी? हाय की नोकरी. ठेकेदार आलता काढायला, मॅडम म्हनल्या साक्षीदाराला धमकी दिली म्हनून तुमचं बी नाव देते, तवापासून मला शेवंताताई म्हनतो. पोराला कॉलेजातून काढलं, जामीन झालाय तेचा, कवा कवा रस्त्याच्या पल्याड गाडी लावून बघतो. मी बी बघते. तारीख पडली की मी खाकी घालूनच कोर्टात जाते. चुलता आता पुतन्याला सोडून दुसऱ्याच कामात गुंतलाय म्हनतात, असू दे.

आन् कॉलेजात रीत बदलली. पेटी आता पोरींच्या खोलीत हाय, कुलूप मॅडमकडं. केबिनमधली बैठक बंद, पयलं पोरीला एकटीला इचारायचं, पोलिसात जायचं का न्हाई ते तिनं सांगायचं. प्रवेशाच्या टायमाला सभा घिऊन सर सोता आईबापांना हे समजावून सांगतात, लाजत लाजत सांगतात पन सांगतात. आन् आवंदा त्या सभेत सुनीताचा बाप न बोलवता उभा राहिला, समद्या बापांपुढं म्हनला, पोरगी गप असली म्हंजी सुखात हाय असं समजू नका, मी समजलो व्हतो. खाली बसला. कुनी टाळ्या न्हाई वाजवल्या, समदे आपापल्या पोरीकडं बघाया लागले.

आता पेटीत चिठ्ठ्या येतात. सरांना काळजी, म्हनतात शेवंताताई, गुन्हे वाढले का हो आपल्याकडं? मी म्हनते सर, तेवढेच हायेत, आता कळाया लागलेत. सुनीता शेवटच्या वर्साला हाय, खिडकीपाशी बसती, यष्टीनं येती-जाती, भगवंत तिला मोठी करो. परवा ती एका नव्या पोरीला हाताला धरून गेटापाशी घिऊन आली, म्हनली मावशी, हिचं ऐका. मी उठून स्टूल दिला बसायला. ती पोरगी इकडं तिकडं बघती, ओढनी चावती, मावशी, त्याचे वडील लई मोठे हायेत म्हनती. मी काय म्हनायच्या आधी सुनीताच म्हनली, असू दे, पोराचं नाव सांग. आन् पोरीनं नाव सांगितलं, रस्त्यापोत्तर ऐकू जाईल असं.