फौजी नसलेला नवरदेव

आमचं लग्न जमायच्या आधीच मोडत होतं, हे सांगितलं का मी तुम्हाले?

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा भूतानात, आपल्या फौजेच्या तळावरच्या शाळेत मास्तर होतो. वर्दी नाही, बंदूक नाही. फौजींच्या लेकरांना गणित शिकवायचो. सुटीत आपल्या गावी, बपेऱ्याला आलो, तर मावशीनं मला पोरगी पाहायला चिखल्याला नेलं. तिनं तिकडे खुशाल सांगून ठेवलं होतं, पोरगा फौजी आहे म्हणून.

पोरीचे बाबा खाणीत कामाला. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "बंदूक कोणती चालवता जी?"

"मी मास्तर आहो," मी म्हटलं.

त्यांचा चेहराच उतरला. "आमाले त फौजी सांगितला होता," म्हणत ते उठलेच. मावशी छताकडे पाहू लागली.

तेवढ्यात पोरगीच बोलली, "फौजी साहेबांच्या लेकरांचा अभ्यास झाला नाही, त मंग काय करता?"

"थांबवून ठेवतो. एकदा कर्नलसाहेब स्वतः पोरीले न्यायले आले होते. मी म्हटलं, साहेब, सतराचा पाढा राहिला आहे, बाहेर थांबा."

"थांबले?"

"थांबले. अर्धा तास. बाहेर बर्फ पडून राहिला होता."

तिचे बाबा हळूच खाली बसले. "कर्नलाले बर्फात उभं केलं?" मग आत वळून ओरडले, "अवं, पोहे टाक!"

कर्नलसाहेबांना बाहेर थांबवलं, त्या वेळी वर्गातल्या टेबलामागे माझे पाय कसे लटपटत होते, ते मात्र मी बायकोला लग्नानंतरच सांगितलं.