पुलावरून फेकलेला खडा

सगळे खोटं बोलतात हो इथे, या औषधी झऱ्यावर. एकजात सगळे. पाणी प्या, चाला, मुतखडा विरघळतो म्हणे — कुणाचा विरघळला? हसू नका काका, तुमच्या हातात पेला दिसला म्हणूनच बोलतेय. बारीक असेल तुमचा तर प्या, खुशाल प्या, भरपूर पाण्यानं तो वाहून जातो, आमच्या डॉक्टरीणबाईही तेच सांगतात. पण विरघळणं खड्याच्या जातीवर असतं — एखादी जात औषधानं विरघळते, बाकीच्या नाही. आणि जात कळायला खडा तपासायला नको? तपासणार काय, कपाळ? तो बघा, झऱ्यामागचा लाकडी पूल — खडा पडला की सगळं खानदान तिथे जमतं, खडा ओढ्यात, टाळ्या, वर आलुबुखारची दारू. माझ्या बाबांनी गेल्या उन्हाळ्यात तेच केलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना डबी दिली होती, 'पोंपिलिऊकाका, गाळणी धरून लघवी करा, पडेल तो यात घालून आणा.' डबी घरी राहिली, खडा ओढ्यात. वर मलाच म्हणतात, 'इलिंका, घरात ठेवला तर परत येतो तो.' आला की नाही परत?

आणि हा दुसरा वाटाण्याएवढा, मूत्रनळीत अडकलाय. तो काही पाण्याच्या रेट्यानं निघायचा नाही, उलट वरचं तुंबून मूत्रपिंड फुगतं — चित्र काढून दाखवलं मी. दुर्बीण घालायची, लेझरनं फोडायचा, दोन-चार दिवसांत घरी. तर म्हणतात, 'नळ्या घालायला मी काय दारूची भट्टी आहे?' आई हसली. आई हसली की आमच्याकडे विषय संपतो.

मग सौदा केला — आज-उद्या झऱ्याचं पाणी, सोमवारी इस्पितळ. एकटे नाहीत हो, ते काय तिकडे, पाणी वाटतात त्या पॅव्हिलियनमागे फेऱ्या मारताहेत, साव्हेताबाई पेला भरून देतात, की चालले. ठीक आहेत. पहाटे अंग जरा गरम लागलं, पण ऑगस्टात कुणाचं लागत नाही? गोळी दिली मी, दुखण्यावरची — तीच तापावरही चालते — दोन दिल्या खरं तर, बसचे धक्के सोसायला नकोत? डॉक्टरीणबाई म्हणतात, कळ सोसता येते, भ्यायचं ते हुडहुडीला. खडा अडकलेला आणि थंडी वाजून ताप आला, तर आत तुंबलेलं नासलं समजा, मग क्षणभर थांबायचं नाही, तसंच उचलून आणायचं — आधी नळी घालून वाट मोकळी, खड्याचं नंतर. पण हुडहुडी नाहीये. विचारलं मी. म्हणजे — विचारलं असतं तरी नाहीच म्हणाले असते. गोळी दिली नसती तर आलेच नसते ते, घरीच कण्हत बसले असते... काय बघताय असे? तुम्ही तुमचं पाणी प्या, काका.

पेले भरणाऱ्या साव्हेताबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"अगं पोरी, तुझे बाबा माझ्याकडे कोट मागताहेत. एवढ्या उन्हात?"