अण्णांचं बोट आणि नवा मोबाईल

नवा मोबाईल घ्यायला भोरला गेलो आणि जुनाच घेऊन ऐटीत परत आलो, ते सांगते.

ई-पीक पाहणीची मुदत संपत आली होती. शेतात उभं राहून आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतःच मोबाईलवर करायची, हे मला फार पटतं. पण शेतीकामानं राठ झालेलं माझ्या वडिलांचं बोट मोबाईलला कळेचना.

"तूच कर की गं," अण्णा म्हणाले.

मी पेटले. "दर वेळी माझ्या तोंडाकडं बघणार? चला, नवा घेऊ."

दुकानदारानं सगळ्यात भारी मोबाईल पुढं केला. अण्णांनी अंगठा घासला, शेजारचं बोट दाबलं. मोबाईल ढिम्म.

"काका, हलक्या हातानं."

"हलक्या हातानं भात लागतं व्हय?"

मग चिडून ते एकेक बोट टेकवत गेले. करंगळी टेकली आणि पडदा सर्रकन सरकला! लगेच त्यांनी खिशातला जुना मोबाईल काढला. करंगळीनं तोही मुकाट ऐकू लागला.

"ह्या बोटाला चिखलाचं काम न्हाई ना, मऊ ऱ्हायलंय!" असं म्हणत अण्णा करंगळी उंच धरून उठले.

दुकानदार अदबीनं म्हणाला, "मागच्या दारानं जा काका, उजव्या हाताला आहे."

"तिकडं न्हाई, शेतावर चाललोय," अण्णा गरजले. "माज्या भाताची नोंद आज म्याच करनार!"